'स्पष्ट करा' या आज्ञेविरुद्ध

१

मराठी विषयाची पदव्युत्तर प्रश्नपत्रिका कोल्हापूरची असो, पुण्याची असो वा नागपूरची. तिच्यातील क्रियापदे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. 'स्पष्ट करा', 'विशद करा', 'चर्चा करा', 'सविस्तर लिहा', 'टीपा लिहा'. यांतील पहिली दोन सर्वांत जास्त राबतात. अमुक कवीच्या कवितेतील यंत्रयुगीन जाणीव स्पष्ट करा, तमुक कादंबरीचे ग्रामीणत्व विशद करा, अशा घडणीच्या प्रश्नांना उत्तर देताना ती कविता किंवा ती कादंबरी जवळ असावी लागत नाही. किंबहुना ती जवळ नसेल तर उत्तर अधिक सुरळीत उतरते. 'जाणीव' काय आहे हे प्रश्नातच सांगून टाकलेले असते. उत्तर देणाऱ्याने तिच्याभोवती चार पाने भरावयाची असतात. शाळेत 'संदर्भासहित स्पष्टीकरण' म्हणून ज्याची सवय लागते, त्याचेच हे प्रौढ रूप होय. फरक इतकाच, की शाळेत निदान दोन ओळी तरी छापून दिलेल्या असत.

ही केवळ परीक्षापद्धतीची तक्रार असती तर ती वाङ्मयसमीक्षेच्या नियतकालिकात मांडण्याचे कारण नव्हते. पण प्रश्नपत्रिकेतील क्रियापद विद्यार्थ्याबरोबर पुढे प्रबंधात जाते, प्रबंधातून चर्चासत्रातील निबंधात आणि तेथून ग्रंथपरीक्षणात. आजच्या मराठी समीक्षेचा मोठा भाग वाचला, तर त्यात साहित्यकृतीविषयी पुष्कळ काही 'स्पष्ट' केलेले आढळते. साहित्यकृती उलगडलेली मात्र क्वचितच आढळते. या दोन क्रियांतला भेद इंग्रजीत दोन वेगळ्या क्रियापदांनी राखलेला आहे. मराठीत तो राखण्याची साधने इंग्रजीहून अधिक असताना तो पुसला गेला, आणि तो पुसला जाण्याची किंमत समीक्षेने चुकविली आहे.

२

इंग्रजीतील ती दोन क्रियापदे म्हणजे 'एक्स्प्लेन' आणि 'एक्स्प्लिकेट'. पहिले रोजच्या व्यवहारातले, दुसरे औपचारिक आणि विद्वज्जनांच्या लेखनातले. मराठीत आणताना दोहोंना सर्रास 'स्पष्ट करणे' हा एकच प्रतिशब्द दिला जातो. परंतु त्यांच्या मुळाशी असलेल्या प्रतिमा परस्परविरोधी आहेत. 'एक्स्प्लेन'च्या मागे 'सपाट' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. उंचवटे काढून सपाट करणे ही त्यातली क्रिया. 'एक्स्प्लिकेट'च्या मागे 'घडी' आहे. घडी मोडून वस्तू उलगडणे ही त्यातली क्रिया. गुंडाळीच्या स्वरूपातील ग्रंथ वाचताना उलगडावा लागे; तो संपला की 'पूर्ण उलगडला' अशा अर्थाचा शब्द लिहिण्याची पद्धत पुढे हस्तलिखितांच्या शेवटीही टिकली. सोळाव्या शतकात इंग्रजीत आलेल्या या क्रियापदाला मूळ अर्थाचा गंध अजून आहे.

म्हणूनच त्याचा वापर सैल नाही. गाडी उशिरा का आली हे कोणी 'एक्स्प्लिकेट' करीत नाही. ते 'एक्स्प्लेन' करतात. ज्याच्या पोटात काही दुमडून ठेवले आहे, अशाच गोष्टीला हे क्रियापद लागते: कविता, वचन, संकल्पना, सिद्धांत. फ्रान्समधील शिक्षणक्रमात गुस्ताव लान्सों यांच्या प्रभावातून दृढ झालेली संहिता उलगडण्याची शिस्त याच शब्दाने ओळखली जाते. अमेरिकेत १९४२ मध्ये याच शब्दाच्या नावाने एक नियतकालिक निघाले आणि त्याने एकेका कवितेच्या एकेका जागेवरील छोट्या टिपणांना प्रतिष्ठा दिली. तत्त्वज्ञानात रुडॉल्फ कार्नॅप यांनी १९५० च्या संभाव्यताविषयक ग्रंथात याच शब्दाला निराळा पारिभाषिक अर्थ दिला: सैल संकल्पनेच्या जागी काटेकोर संकल्पना आणणे. कार्नॅप यांचा अर्थ समीक्षेच्या उपयोगाचा नाही, कारण कवितेच्या जागी दुसरे काही ठेवणे हे समीक्षेचे काम नव्हे. पण शब्द उचलण्यापूर्वी त्याच्या वापराची हद्द आखणे कसे असते, हे मात्र त्यावरून शिकण्यासारखे आहे.

सपाट केलेल्या जमिनीवर पूर्वी टेकडी कोठे होती हे कळत नाही. घडी मोडलेल्या वस्त्रावर मात्र घडीच्या रेषा दिसत राहतात. इचलकरंजीच्या पेठेतला दुकानदार तागा उलगडून दाखवितो तेव्हा तो कापड बदलीत नाही; काठ, पोत आणि विणीतली चूक हे सारे जसे आहे तसे गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेवतो, आणि मागाहून तीच घडी पुन्हा घालता येते. समीक्षकाच्या पहिल्या कामाचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

३

मराठीपाशी या कामासाठी किती शब्द आहेत ते पाहिले म्हणजे दारिद्र्याची सबब टिकत नाही. 'स्पष्ट' या शब्दाच्या मुळाशी पाहण्याची क्रिया आहे. जे दिसते ते स्पष्ट. 'विशद' म्हणजे स्वच्छ, निर्मळ, उजळ. पण आज 'विशद करा' याचा अर्थ 'लांबवून लिहा' असा घेतला जातो, जणू 'विशद' आणि 'विस्तृत' ही सख्खी भावंडे आहेत. 'विवरण' म्हणजे झाकलेले उघडणे. 'विवेचन' म्हणजे मिसळलेले वेगळे करणे. 'निरूपण' म्हणजे रूप देऊन समोर उभे करणे. 'उकल' म्हणजे गाठ सोडविणे. 'फोड करणे' म्हणजे अवघडाचे घास करणे. जुन्या पाठशाळांतला विद्यार्थी 'श्लोक लावीत' असे, आणि तो 'लागला नाही' तर प्रामाणिकपणे तसे सांगे. 'अर्थ लावणे' हा शब्दप्रयोग त्याच घरातला. या सर्वांत 'उलगडणे' हा शब्द 'एक्स्प्लिकेट'शी मुळापासून जुळतो. तो भाषांतराने घडविलेला नाही. घराघरांत लुगड्याच्या, सतरंजीच्या आणि पत्राच्या घडीबरोबर तो वावरत आला आहे.

एवढी सामग्री असताना 'स्पष्टीकरण' हा शब्द समीक्षेच्या गळ्यात पडला. तो कचेरीतून आला आहे. कर्मचाऱ्याकडून स्पष्टीकरण मागविले जाते. मंत्री स्पष्टीकरण देतात. म्हणजे काहीतरी चुकले आहे, आणि ज्याने ते केले त्याने आता त्याचे समर्थन करावयाचे आहे. कवितेचे 'स्पष्टीकरण' मागणाऱ्या भाषेत हा दरडावणीचा सूर नकळत उतरतो. कवितेने गूढ राहण्याचा अपराध केला आहे आणि समीक्षक तिच्या वतीने खुलासा सादर करीत आहे, असा तो देखावा असतो.

शेजारच्या हिंदीने घोटाळ्यात भर घातली आहे. हिंदीत 'व्याख्या' म्हणजे उलगडून सांगणे, आणि मराठी ज्याला व्याख्या म्हणते त्याला हिंदीत 'परिभाषा' म्हणतात. मराठीत मात्र 'परिभाषा' म्हणजे एखाद्या शास्त्राची पारिभाषिक संज्ञाव्यवस्था. हिंदी समीक्षाग्रंथांच्या आधारे लिहिणारे मराठी अभ्यासक 'कवितेची व्याख्या करणे' असे लिहून जातात, आणि वाचक बिचारा कवितेची व्याख्या कोठे दिली आहे ते शोधीत बसतो.

४

या शब्दांची शिस्त पूर्वी नव्हती असे मानण्याचे कारण नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने 'काव्यमीमांसे'च्या दुसऱ्या अध्यायात अर्थ उघडण्याच्या प्रकारांची नावे व लक्षणे लावून दिली आहेत. सूत्राचे सगळे सार उघडते ती वृत्ती. सूत्र आणि वृत्ती यांचे विवेचन ती पद्धती. आधी आक्षेप घेऊन मग बोलणे ते भाष्य. भाष्याच्या आत राहून अवांतर अर्थ वेगळे काढणे ती समीक्षा. शक्य असेल तेथवर अर्थापर्यंत जाणे ती टीका. अवघड पदे फोडते ती पंजिका. आणि मुळात काय सांगितले, काय सांगायचे राहिले व काय चुकीचे सांगितले गेले, या तिहींचा विचार ते वार्तिक. परंपरेने व्याख्यानाची पाच अंगेही सांगितली आहेत: पदे सुटी करणे, त्यांचे अर्थ सांगणे, समासांचा विग्रह करणे, वाक्याची योजना लावणे आणि आक्षेपांचे समाधान करणे. मल्लिनाथाने आपल्या टीकेच्या आरंभीच घातलेली मर्यादा तर प्रत्येक परीक्षणलेखकाने टेबलावर लावून ठेवावी अशी आहे: मुळात आधार नाही ते लिहिणार नाही आणि नको असलेले बोलणार नाही.

आता या शब्दांची आजची अवस्था पाहावी. 'टीका' या शब्दाच्या मुळाशी जाण्याचा, गमनाचा धातू आहे. टीकाकार म्हणजे अर्थाकडे चालत जाणारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'विविधज्ञानविस्तार' (१८६७) आणि 'निबंधमाला' (१८७४) यांच्या काळात ग्रंथपरीक्षण ही मराठीतील स्वतंत्र कृती झाली, 'टीका' हा शब्द गुणदोषविवेचनाकडे सरकला, आणि पुढे व्यवहारात तर तो केवळ दोष काढण्यापुरता उरला. आज 'विरोधकांनी टीका केली' हे वाक्य कोणालाही कळते. 'मल्लिनाथाने कालिदासावर टीका केली' हे वाक्य मात्र नव्या विद्यार्थ्याला कालिदासाचा अपमान वाटते. भालचंद्र नेमाडे यांनी १९९० मध्ये आपल्या संग्रहाला 'टीकास्वयंवर' असे नाव दिले, तेव्हा हा शब्द पुन्हा समीक्षेच्या व्यासपीठावर मानाने आला खरा. पण आला तो परखड मूल्यनिर्णयाचे तेज घेऊन. अर्थाकडे चालत जाण्याची त्याची मूळ चाल काही परत आली नाही.

'समीक्षा' हा शब्द भाष्याच्या आतून बाहेर पडून सर्वांचे छत्र झाला. आणि 'भाष्य' या शब्दाचे जे झाले, त्यात आजच्या समीक्षेचा सारा रोग दिसतो. 'ही कविता समकालीन सामाजिक वास्तवावर भाष्य करते' हे वाक्य ज्यात नाही असे परीक्षण शोधून काढावे लागेल. म्हणजे भाष्य आता कवितेने करावयाचे. जे काम भाष्यकाराचे होते, ते त्याने कवितेच्या खांद्यावर टाकले आणि स्वतः 'कविता भाष्य करते' एवढी वर्दी देऊन मोकळा झाला. राजशेखराच्या लक्षणातला आक्षेप गेला, आक्षेपानंतरचे बोलणेही गेले.

५

उलगडण्याची शिस्त संस्कृतातच राहिली, मराठीत आली नाही, असा समज कोणाचा असेल तर तो मराठी गद्याच्या आरंभकाळातच खोटा ठरतो. केसोबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टांतपाठा'ची रचनाच पाहावी: आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांचाच दृष्टांत, आणि शेवटी केसोबासांचे दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत सूत्राला कोणत्या जागी आणि कसा लागतो याचा उलगडा. तीन पायऱ्यांतले अंतर स्वच्छ राखलेले आहे. सांगणारा कोण आणि उलगडणारा कोण याविषयी संभ्रम नाही. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा प्रसिद्ध दृष्टांत याच ग्रंथात आहे. एकेका अवयवावरून हत्तीचे स्वरूप 'स्पष्ट' करणारे ते आंधळे आणि संकल्पनेच्या एका टोकावरून साहित्यकृती 'विशद' करणारे अभ्यासक यांच्यात फार अंतर नाही.

१२९० मध्ये सिद्ध झालेल्या ग्रंथाचे 'भावार्थदीपिका' हे नावही बोलके आहे. दिवा वस्तू निर्माण करीत नाही, बदलीतही नाही, असलेली दाखवितो. पुढे १५८४ मध्ये एकनाथांनी त्या ग्रंथाचे पाठ शुद्ध केले, ही गोष्ट केवळ भक्तीची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती समीक्षेची आहे. उलगडण्यापूर्वी जे उलगडायचे त्याची संहिता ठीक आहे ना, हे पाहावे लागते. आज एखाद्या कवितेवर वीस लेख लिहिले जातात आणि तिचा पहिल्या आवृत्तीतला पाठ कोणता होता हे त्या वीसांपैकी एकानेही तपासलेले नसते.

६

एका उदाहरणाने भेद उघड होईल. बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहातील पिपातल्या उंदरांची कविता घ्यावी. गेली कित्येक दशके तिच्याविषयी जे सांगितले जाते, ते एका वाक्यात मावते: यंत्रयुगातील माणसाचे हतबल, मूल्यशून्य जगणे आणि मरणे तीत व्यक्त झाले आहे. हे विधान चूक नाही. पण ते कवितेच्या आधी तयार होते आणि कवितेनंतरही तसेच राहते. मधल्या वाचनाने त्यात काही फरक पडत नाही. हेच सपाटीकरण.

आता पाच अंगांपैकी केवळ चौथे, वाक्ययोजनेचे अंग लावून पाहावे. पहिल्याच ओळीत 'ओल्या' हे विशेषण आहे. त्याचे सामान्यरूप सांगते की व्याकरणाने ते पिपाचे आहे. उंदीर कर्तृपदी असल्याने ते त्याचे होऊच शकत नाही. परंतु कवीने ते आपल्या विशेष्यापासून क्रियापदाने तोडून नेमके उंदराच्या शेजारी आणून ठेवले आहे. कानाला प्रथम ओले उंदीर ऐकू येतात. अन्वय लावल्यावर ओलेपणा पिपाकडे परत जातो, आणि तरीही उंदराला तो चिकटून राहतो. मृताची आणि भांड्याची सीमारेषा अशी वाक्यरचनेतच पुसली गेली आहे. पुढे जाऊन पाहिले, तर एकाच घडणीच्या दोन नकारांनी दोन अभाव सांगितलेले दिसतात: एकदा हिंसेचा आणि एकदा वासनेचा. मरण आले आहे पण मारणारा नाही. स्पर्श झाला आहे पण इच्छा नाही. मारणे आणि प्रेम करणे या दोन्ही क्रियांतून कर्ता काढून घेतला, की उरते ते यंत्र. म्हणजे 'यंत्रयुग' हा निष्कर्ष येथेही निघतो. पण तो आता विशेषणाच्या जागेतून आणि नकारांच्या घडणीतून निघतो, आणि ज्याला तो मान्य नसेल त्याला नेमके कोठे हरकत घ्यावी हे कळते. उलगडलेल्या अर्थाशी वाद घालता येतो. 'स्पष्ट' केलेल्या अर्थाशी फक्त सहमत होता येते किंवा तो पाठ करता येतो.

हेच गद्यालाही लागू आहे. कागलच्या मातीतून आलेल्या आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी 'ग्रामीण जीवनाचे यथार्थ चित्रण' या शिक्क्याखाली वर्षानुवर्षे शिकविली गेली. 'गोत' म्हणजे नातेसंबंधाची माणसे. आणि या कादंबरीतल्या नारबाचा गोतावळा मात्र जनावरांचा आहे. शीर्षकातच दुमडून ठेवलेली ही घडी उघडली, की मळ्यावर ट्रॅक्टर येणे ही शेतीच्या आधुनिकीकरणाची बातमी न राहता एका माणसाचे गोत मोडण्याची घटना होते. 'यथार्थ चित्रण' या शब्दांत ही घटना बसत नाही.

७

या भूमिकेवर येणारे आक्षेप ठरलेले आहेत आणि ते घेऊन मगच बोलणे हाच भाष्याचा धर्म असल्याने त्यांना टाळता येत नाही.

पहिला आक्षेप रसिकांचा: कविता उलगडली की तिचा रस जातो, ती अनुभवावी, चिरू नये. या पक्षाकडून अलीकडे सुझन सोंटॅग यांच्या १९६४ च्या अर्थनिर्णयनविरोधी निबंधाचाही आधार दिला जातो. पण सोंटॅग यांचा रोष कलाकृतीच्या जागी तिचा 'आशय' म्हणून दुसरेच काही आणून बसविण्यावर आहे. कलाकृतीच्या रूपाचे नेमके आणि प्रेमळ वर्णन त्यांना हवेच आहे. म्हणजे त्यांचा हल्ला 'यंत्रयुगीन जाणीव स्पष्ट करा' या प्रश्नावर होतो, उलगडण्यावर नव्हे. शिवाय 'अनुभव घ्या' म्हणणाऱ्यांनी आय. ए. रिचर्ड्स यांचा १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवावा. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवीचे नाव न सांगता कविता ठेवल्या, तेव्हा रसास्वाद दूरच राहिला, कवितेचा साधा सरळ अर्थही अनेकांच्या हाती लागला नव्हता.

दुसरा आक्षेप समाजनिष्ठ समीक्षेचा: शब्दांत डोके घालून बसणे ही नवसमीक्षेची जुनी खोड आहे; कृतीमागचे समाज, सत्ता आणि इतिहास पाहावे. पाहावेतच. पण सत्ता जर भाषेतून काम करीत असेल, तर ती भाषेच्या घड्यांतच सापडेल. कृती न उलगडता तिच्यावर सामाजिक निवाडा देणे म्हणजे साक्षीदाराला न तपासता निकाल देणे होय. नवसमीक्षेची चूक उलगडण्यात नव्हती. उलगडून झाल्यावर खोलीचे दार लावून घेण्यात होती.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. टीका आणि भाष्य यांची परंपरा मूठभर वर्णांच्या ताब्यात होती. ज्यांना ग्रंथाला हात लावू दिला नाही त्यांच्या वारसांनी तिचे गोडवे का गावेत? हा इतिहास खरा आहे आणि तो झाकून चालणार नाही. पण बंदी उलगडण्याच्या क्रियेत नव्हती. ती क्रिया कोणी करावी यावर होती. चक्रधर आणि ज्ञानदेव यांनी ती मराठीत आणली तेव्हा या बंदीलाच पहिला धक्का बसला. आणि नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'च्या (१९७२) बाबतीत तर पारडे पूर्ण फिरले. विजय तेंडुलकरांसारख्या शब्दांत मुरलेल्या लेखकाला त्याच्या प्रस्तावनेत या कवितेतले जग आणि शब्द आपल्याला परके असल्याची कबुली द्यावी लागली. पंजिका येथे गरजेची झाली, आणि ती देण्याचा अधिकार त्या जगात वाढलेल्याकडे आला. ढसाळांची कविता 'विद्रोहाचा आविष्कार' म्हणून सपाट करणे सोपे आहे आणि ते रोज होते. तिच्यातला एकेक बोलीशब्द उलगडणे कठीण आहे. तिचा खरा सन्मान मात्र त्यातच आहे.

चौथा आक्षेप परिभाषेचा: 'उलगडणे' हा घरगुती शब्द, शास्त्रीय लेखनात तो शोभत नाही, एखादी भारदस्त संज्ञा घडवावी. कोल्हापुराला हा वाद नवा नाही. राजाराम महाविद्यालयात फारसी शिकविणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकी शब्दांविरुद्ध बाजू मांडली. त्यांच्या आग्रहाशी मतभेद असू शकतात. पण त्याच पटवर्धनांच्या 'छंदोरचने'त मराठी पद्याचे एकेक अक्षर मोजून, मात्रा लावून, गणांची घडी उलगडून दाखविली आहे. नव्या संज्ञांचा कारखाना काढणाऱ्यांनी त्यांची शुद्धी घेतली आणि मोजणी सोडली. १९६० पासून भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे काम केले. परंतु कोशातला प्रतिशब्द क्रियेची सवय लावू शकत नाही. ज्याचा अर्थ सांगण्यासाठी कंसात मूळ इंग्रजी शब्द लिहावा लागतो, त्या संज्ञेपेक्षा ज्याचा अर्थ विद्यार्थ्याच्या आजीलाही माहीत आहे तो शब्द शास्त्राच्या अधिक कामाचा.

८

प्रश्न अखेर कोणाच्या हाती काय राहते याचा आहे. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा आदेश काढला, ज्या शहरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, आणि जेथे १९६२ मध्ये विद्यापीठ आले, तेथे मराठीच्या वर्गात आज बसलेला विद्यार्थी शाहूवाडीचा, राधानगरीचा, गडहिंग्लजचा असतो. अनेकदा तो आपल्या घरातला पहिला पदवीधर असतो. 'स्पष्ट करा' ही आज्ञा त्याला काय सांगते? कृतीचा अर्थ आधीच कोणीतरी ठरविला आहे. तू तो बाजारातल्या मार्गदर्शिकेतून आण आणि उतरवून दे. जे त्याच्यापाशी आहे, म्हणजे बोलीचा कान, नात्यांच्या शब्दांची जाण, रानातल्या आणि चुलीपाशी वापरल्या जाणाऱ्या शब्दांची नेमकी ओळख, ते सर्व या आज्ञेला निरुपयोगी ठरते. आणि जे त्याच्यापाशी नाही, म्हणजे समीक्षेची ठरीव वाक्ये, तेवढेच तपासले जाते.

'उलगडा' ही आज्ञा हे गणित उलटे करते. प्रश्नपत्रिकेत वीस ओळींची अपरिचित कविता छापावी. तिची पदे सुटी करण्यास, एखादे विशेषण कोणाचे हे ठरविण्यास, एखादा शब्द अमुकच का आला असावा हे सांगण्यास, आणि स्वतःच्या अर्थावर येणारा निदान एक आक्षेप घेऊन त्याचे समाधान करण्यास सांगावे. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, अनुदान लागत नाही, परदेशी सिद्धांताचा परिचयग्रंथही लागत नाही. लागते ती उत्तरपत्रिका खरोखर वाचण्याची प्राध्यापकांची तयारी; कारण शंभर उत्तरपत्रिकांत शंभर उत्तरे निराळी येतील आणि नमुनाउत्तर शेजारी ठेवून गुण देता येणार नाहीत. या बदलाला खरा विरोध येईल तो येथूनच, मग तो कोणत्याही सिद्धांताचा अंगरखा घालून येवो.

हेच परीक्षणलेखकालाही लागू. 'भाष्य करते' हे शब्द लेखणीतून उतरू लागले, की त्याने थांबून स्वतःला विचारावे: कवितेने केले ते ठीक; तुमचे भाष्य कोठे आहे? या प्रश्नाला उत्तर देता येत नसेल, तर पुस्तक अद्याप घडीतच आहे. ते आधी उघडावे.